एका आयडीवर दोघांचा व्यवसाय

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन दुसऱ्यांदा थांबले, तेव्हा माझे यजमान डिचोली तालुक्यातील एका खाणीवर वजनकाट्याच्या नोंदी ठेवत होते. २०१२ ची बंदी आम्ही साठवलेल्या पैशांवर कशीबशी निभावली होती. या वेळी तशी पुंजी शिल्लक नव्हती. ट्रकमालक, गॅरेजवाले, मांडवीतील बार्जवर कामाला असलेले खलाशी, खाणीवर जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या बायका, अशा सर्वांचेच उत्पन्न एकदम आटल्यामुळे जवळपास दुसरे काम मिळणेही अवघड झाले होते. मी घरी शिवणकाम करीत असे, परंतु ज्यांच्या घरी पगार येत नाही ते नवीन कपडे शिवून घेत नाहीत, हे त्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, स्पष्ट दिसले.

आमच्या भजनी मंडळातील एका मावशींनी त्या सुमारास आम्हां दोघांना एका डायरेक्ट सेलिंग, म्हणजे दुकानांऐवजी विक्रेत्यांमार्फत थेट घरोघरी विक्री करणाऱ्या, कंपनीच्या बैठकीला नेले. तेथे भांडी घासण्याच्या साबणापासून प्रोटीन पावडरीपर्यंतची उत्पादने मांडलेली होती आणि ‘पती-पत्नीने मिळून घरबसल्या करण्याचा व्यवसाय’ अशी त्याची ओळख करून दिली जात होती. बैठकीत दाखवलेल्या परदेशी सहलींच्या चित्रांपेक्षा आम्हां दोघांना एकच गोष्ट महत्त्वाची वाटली, ती म्हणजे दुकानाचे भाडे नाही आणि दोघांनाही घर सोडावे लागणार नाही. तरीही त्याच दिवशी अर्जावर सही करण्याचा आग्रह आम्ही मानला नाही. अर्ज घरी आणून आम्ही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

यजमानांना कागदपत्रांची सवय असल्यामुळे त्यांनी मावशींना आणि त्यांच्या ‘अपलाइन’ला, म्हणजे त्यांना कंपनीत जोडणाऱ्या वरच्या विक्रेत्याला, नेमके प्रश्न विचारले. नाव नोंदवण्यासाठी पैसे भरावे लागतात का? सुरुवातीला ठरावीक रकमेचा माल घेणे सक्तीचे आहे का? सही केल्यानंतर मन बदलले तर दंड न भरता बाहेर पडण्यासाठी मुदत आहे का? न विकलेला माल कंपनी परत घेते का, आणि घेतल्यास किती कापून? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की पैसे माल विकल्याबद्दल मिळतात की माणसे जोडल्याबद्दल? केवळ माणसे जोडून त्यांच्या भरण्यातून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या काळी केंद्र सरकारची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वेही उपलब्ध होती. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले आणि यांतील बऱ्याच गोष्टी कंपन्यांवर बंधनकारक झाल्या; प्रवेश शुल्क आकारता येत नाही, माल घेण्याची सक्ती करता येत नाही आणि करार सोडण्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते. आज कोणी आम्हांला विचारले तर आम्ही ते नियम आधी वाचायला सांगतो, कारण कंपनीच्या सादरीकरणापेक्षा ते पुष्कळ लहान आहेत.

उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला तो आयडीचा, म्हणजे कंपनीकडील विक्रेता-नोंदणीचा. या कंपनीत, आणि बहुतेक अशा कंपन्यांत, पती-पत्नीला मिळून एकच आयडी घ्यावा लागतो. एकाचे नाव मुख्य आणि दुसऱ्याचे सहअर्जदार म्हणून. नवरा एका गटात आणि बायको दुसऱ्या गटात, असे करून एकमेकांच्या खरेदीवर कमिशन मिळवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा. मावशींनी गृहीत धरले होते की मुख्य नाव यजमानांचे राहील. अर्जावर तसे पेन्सिलीने लिहूनही ठेवले होते. यजमान मात्र म्हणाले, “ग्राहक तुझ्या ओळखीचे असणार, बोलणार तू, मग नाव माझे कशाला?” माझे पॅन कार्ड होते, परंतु माझ्या एकटीच्या नावाचे बँक खाते नव्हते. ते आधी उघडले, रद्द केलेला धनादेश आणि आधारची प्रत जोडली आणि आयडी माझ्या नावावर आला. या एका निर्णयाचे परिणाम पुढे करविवरणापर्यंत गेले, त्याविषयी पुढे लिहीन.

कामाची विभागणी पहिल्या काही महिन्यांत आपोआप होईल असे आम्हांला वाटले होते आणि ती तशी झाली नाही. घरात दोघे दिवसभर असतात, तेव्हा प्रत्येक काम दोघांचे असते, म्हणजेच ते कोणाचेच नसते. मी एखाद्या वहिनीला शनिवारी माल देईन असे सांगितलेले असायचे आणि यजमानांनी तोच डबा वाटेत भेटलेल्या दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेला असायचा. जेवणाच्या वेळी ग्राहकाचा फोन आला की तो कोणी घ्यायचा यावरून कुरबूर व्हायची. सासूबाई तर म्हणत की पूर्वी नवरा खाणीवर जायचा तेव्हा तुम्ही दोघे जास्त गोडीने बोलत होता. शेवटी आम्ही एका वहीत कामे लिहून काढली. ग्राहकाशी बोलणे, उत्पादन दाखवणे, मागणी नोंदवणे आणि उधारीची आठवण देणे हे माझ्याकडे. कंपनीकडे ऑर्डर टाकणे, आलेला माल मोजून घेणे, मुदत संपण्याच्या तारखा पाहणे, स्कूटरवरून पोहोचवणे आणि हिशेब हे यजमानांकडे. दुसऱ्याच्या कामात सुचवायचे असेल तर ते रात्री वही लिहिताना सुचवायचे, ग्राहकासमोर नाही, असा नियम केला. हा नियम लिहायला सोपा आणि पाळायला कठीण होता, पण व्यवसाय टिकण्याचे श्रेय मी त्याला देते. दुपारी जेवणापासून चहापर्यंत फोन बंद ठेवायचा, हेही तेव्हाच ठरले.

मालाच्या साठवणीचा विचार बैठकांमध्ये कोणी करत नाही, कारण त्या बैठका वातानुकूलित सभागृहात होतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात भिंतींना ओल येते. कपडे धुण्याची पावडर पुठ्ठ्याच्या खोक्यात गच्च होते, प्रोटीनच्या डब्याच्या झाकणाखालचे सील जरा सैल असले तरी आत गुठळ्या होतात आणि खोक्यांवर बुरशी चढली की आतला माल चांगला असूनही ग्राहक तो घेत नाही. यजमानांनी माडीवर फळ्यांचे रॅक केले, भिंतीपासून वीतभर अंतर सोडले आणि जूनच्या आत साठा कमीत कमी करण्याची पद्धत बसवली. पावसाळ्यात आम्ही मागणी आल्यावरच माल मागवतो, मग पोहोचायला चार दिवस जास्त लागले तरी चालतील. खाद्यपदार्थांत मोडणारी उत्पादने विकत असल्यामुळे अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे थेट विक्रेता म्हणून नोंदणी करावी लागते, हे आम्हांला जरा उशिरानेच एका परिचित दुकानदाराकडून कळले. लहान व्यावसायिकासाठी तिचे शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होते आणि अर्ज ऑनलाइन भरता आला.

विक्रीच्या बाबतीत गोव्यातील लहान गावाचा फायदा आणि तोटा एकच आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. ओळखीमुळे दार उघडते, परंतु ओळखीमुळेच नकार देता येत नसल्याने लोक एकदा भिडेखातर वस्तू घेतात आणि नंतर आपल्याला टाळू लागतात. माझ्या एका नणंदेने घेतलेला डबा वर्षभर न उघडता कपाटात ठेवलेला मी पाहिला, तेव्हा नातेवाइकांना आपणहून काही विकायचे नाही असे आम्ही ठरवले. त्यांनी मागितले तर द्यायचे. विक्रेत्याने आगाऊ वेळ घेऊन आणि ओळखपत्र घेऊनच ग्राहकाच्या घरी जावे, अशी तरतूद २०२१ च्या नियमांत आहे. ओळखीच्या घरी ओळखपत्र दाखवताना सुरुवातीला मला हसू येत असे. नंतर लक्षात आले की गळ्यातले ते कार्ड पाहून समोरची बाई सावध होते, ही पाहुणी म्हणून आलेली नाही हे तिला कळते, आणि मग ती मोकळेपणाने ‘नको’ म्हणू शकते. माझे आजचे टिकाऊ ग्राहक बहुतेक असेच, एकदा ‘नको’ म्हणून नंतर स्वतः फोन केलेले आहेत.

उधारी हा दुसरा विषय. कंपनीला पैसे आधी भरावे लागतात आणि गावात पैसे पगार झाल्यावर मिळतात. पाचशे रुपये छापील किमतीची वस्तू आम्हांला चारशेला मिळाली, तर शंभर रुपये सुटले असे दिसते. पण ते पाचशे रुपये दोन महिने वहीतच अडकून राहिले आणि वसुलीसाठी डिचोलीहून साखळी गावापर्यंत स्कूटरच्या दोन फेऱ्या झाल्या, की शंभरातले काय उरते ते ज्याचे त्याने मोजावे. आम्ही उधारीची मर्यादा प्रत्येक घरामागे ठरवली आणि चवथीच्या महिन्यात ती थोडी सैल ठेवली, कारण त्या महिन्यात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट), फराळ, नवे कपडे असे सर्वांचेच खर्च असतात आणि तेव्हा ताणून धरले तर माणूस कायमचा दुरावतो.

कोरोनाच्या काळात पूरक आहाराच्या उत्पादनांना अचानक मागणी आली. त्या वेळी गटाच्या व्हॉट्सॲपवर अमुक पावडरीने मधुमेह बरा होतो, तमुक गोळ्यांनी संसर्ग होत नाही, असे संदेश येत असत. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत, आणि कंपनीने अधिकृतपणे केलेल्या दाव्याबाहेरचा दावा विक्रेत्याला करता येत नाही. आम्ही ते संदेश पुढे पाठवले नाहीत. त्यामुळे आमची विक्री गटातील इतरांपेक्षा कमी राहिली आणि एका बैठकीत त्यावर टोमणाही ऐकावा लागला. मला त्याचे वाईट वाटले नाही. आमच्या वाड्यावर कोणाला कोणता आजार आहे आणि कोण गोळ्या सोडून पावडरीवर विसंबेल, हे मला टोमणा मारणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत होते.

या व्यवसायातील सर्वांत फसवा दिवस म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. प्रत्येक उत्पादनाला काही गुण असतात, त्यांना पीव्ही म्हणतात. महिन्याभराच्या एकूण गुणांवर कमिशनचा टप्पा ठरतो. टप्प्याला थोडे गुण कमी पडले की अपलाइनचा फोन येतो, “एवढ्यासाठी कशाला सोडता? घरात लागतेच की!” आणि माणूस स्वतःच्याच पैशांनी माल उचलतो. कमिशन वाढलेले दिसते, माडीवरचा साठाही वाढतो आणि हातातली रोकड कमी होते. यजमानांनी वहीत तीन रकाने आखले: बाहेरच्या ग्राहकाला विकलेला माल, घरात वापरलेला माल आणि पडून असलेला माल. घरात वापरलेला माल त्यांनी छापील किमतीने नव्हे, तर आमच्या नेहमीच्या दुकानात त्याच प्रकारची वस्तू जेवढ्याला मिळाली असती तेवढ्या किमतीने लिहिला. तेव्हा दिसले की काही साबण आम्ही स्वतःच महाग घेत होतो आणि त्यावरच्या कमिशनला कमाई समजत होतो. ते रकाने मांडल्यापासून महिनाअखेरची खरेदी थांबली. आमचा टप्पा एक पायरी खाली आला आणि हातात उरणारी रक्कम वाढली. अपलाइनला हे समजावून सांगण्याचा प्रयत्न यजमानांनी केला, पण त्यांचे कमिशन आमच्या गुणांवर अवलंबून असल्यामुळे आमचा हिशेब त्यांना पटणे कठीणच होते.

बैठकांतील सत्काराविषयी थोडे लिहिलेच पाहिजे. तेथे नेहमी जोडप्याला व्यासपीठावर बोलावतात. पुरुषाच्या हाती माईक दिला जातो आणि बाईच्या हाती पुष्पगुच्छ. पुरुष सांगतो की ‘आम्ही’ हा प्रवास कसा केला. बाई शेवटी एक वाक्य बोलते, ‘यांच्या पाठिंब्यामुळे हे शक्य झाले’. विक्री करणाऱ्या बहुतेक बायकाच असलेल्या त्या सभागृहात हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. आमची वेळ आली तेव्हा यजमानांनी माईक माझ्याकडे दिला आणि स्वतः रॅक, ओल आणि मुदतीच्या तारखा यांच्यावर दोन मिनिटे बोलले. टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

आता कराविषयी, कारण गोव्यातील जोडप्यांना देशातील बहुतेक इतरांपेक्षा वेगळा नियम लागू होतो आणि बैठकीत तो कोणी सांगत नाही. कंपनी कमिशनवर उगमस्थानी करकपात करते. त्या वर्षांत ती वार्षिक १५,००० रुपयांवरच्या कमिशनवर ५ टक्के होती, ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के झाला आणि एप्रिल २०२५ पासून मर्यादा २०,००० झाली. आयडी माझा असल्यामुळे सर्व कपात माझ्या पॅनवर दिसत असे. मी विवरणपत्र भरायला म्हापशाच्या एका करसल्लागारांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न कमिशनचा नाही, लग्नाचा विचारला. नोंदणी गोव्यात झाली का, आणि लग्नापूर्वी मालमत्तेबाबत वेगळा करार केला होता का? आमच्या विवाहाच्या सह्या येथल्याच नागरी नोंदणी कार्यालयात दोन टप्प्यांत झाल्या होत्या आणि करार काही केला नव्हता. म्हणजे पोर्तुगीज नागरी संहितेतून चालत आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत आम्हांला लागू होती.

त्या वर्षांत लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात अशा जोडप्यांसाठी कलम ५ए होते. त्यानुसार पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो; परंतु व्यवसाय, घरभाडे, व्याज इत्यादी उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात निम्मे-निम्मे विभागून प्रत्येकाच्या विवरणात दाखवावे लागते. कोणी कष्ट केले, आयडी कोणाचा, पैसे कोणाच्या खात्यात आले, याला महत्त्व नाही. सल्लागारांनी कागदावर उदाहरण मांडले: वर्षाचे कमिशन १,२०,००० रुपये, प्रवास, फोन वगैरे खर्च ३६,०००, उरलेले ८४,०००, त्यातले ४२,००० माझ्या विवरणात आणि ४२,००० यजमानांच्या. कापलेला ६,००० रुपयांचा करही तसाच ३,००० आणि ३,००० असा वाटून घ्यायचा. त्यासाठी विवरणपत्रात ५ए नावाची स्वतंत्र अनुसूची होती आणि तिच्यात जोडीदाराचा पॅन द्यावा लागे. एकाने ही विभागणी दाखवली आणि दुसऱ्याने दाखवली नाही, तर कपातीचा मेळ बसत नाही आणि परतावा अडकतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. लहान व्यापाऱ्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवण्याची जी सोपी सवलत त्याच कायद्याच्या कलम ४४एडीखाली मिळत असे, ती कमिशनचे उत्पन्न असणाऱ्याला मिळत नव्हती. म्हणून प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब ठेवणे आणि आयटीआर-३ हा मोठा नमुना भरणे भाग पडले. यजमानांच्या तीन रकान्यांच्या वहीचा आणि पेट्रोलच्या पावत्यांच्या पाकिटाचा येथे प्रत्यक्ष उपयोग झाला. घरात वापरलेल्या मालाचा खर्च व्यवसायात टाकता येणार नाही हे सल्लागारांनी बजावले. तो आमच्याकडे वेगळाच लिहिलेला होता. सेवांसाठीची जीएसटीची २० लाखांची मर्यादा आमच्यापासून फार दूर होती, त्यामुळे तो विषय तेथेच संपला.

हे ऐकून घरी येताना बसमध्ये मी गप्प होते हे खरे. उन्हात दारोदार मी फिरायचे आणि सरकारी कागदावर निम्मी कमाई यजमानांची ठरायची, हे मनाला लगेच पटत नव्हते. यजमानांनी त्याच वेळी दुसरी बाजू दाखवली: त्यांच्या नावावरच्या मुदत ठेवीचे व्याज आणि वडिलोपार्जित घराच्या एका खोलीचे भाडे आजवर केवळ त्यांचे समजले जात होते, त्यातलेही निम्मे माझे होते. माझ्या नावावर उत्पन्न दाखवणारा कागद त्यापूर्वी कधी तयारच झाला नव्हता. पुढे शिलाईच्या नव्या यंत्रासाठी बँकेकडे कर्ज मागितले तेव्हा माझी स्वतःची विवरणपत्रे जोडता आली.

२०२२ मध्ये यजमानांना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भांडारविभागात नोकरी मिळाली. त्यांचा पगार त्यांच्याकडे राहतो, पण त्यावर व्यवसायाच्या नफ्यातला निम्मा वाटा चढतो. आयडी माझा की त्यांचा याने कराच्या रकमेत काहीच फरक पडणार नसल्याचे सल्लागारांनी स्पष्ट केले, तेव्हा ‘आता नोकरी लागली, तर नाव बदलून घ्या’ हा मावशींचा सल्ला मागे पडला. माल पोहोचवण्याचे काम आता रविवारीच होते आणि ग्राहकांनाही त्याची सवय झाली आहे. नवीन माणसे जोडण्याचा आमचा वेग कधीच मोठा नव्हता. ज्या दोन बायका माझ्या खाली विक्री करतात, त्यांना मी आधी तीन रकान्यांची वही आखून दिली आणि एकीला सही करण्यापूर्वी तिच्या नवऱ्याला सोबत घेऊन यायला सांगितले. तो आला, त्याने तासभर प्रश्न विचारले, आणि अर्जावर मुख्य नाव कोणाचे लिहायचे यावर त्या दोघांचे आमच्याच ओसरीवर बराच वेळ बोलणे झाले. अर्ज ते कोरा घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात तिच्या नावाने भरून घेऊन आले.